भांगाची भरती

त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवसाची दुपार. रेवदंड्याच्या खाडीकाठी, कोळीवाड्यातल्या एका घराच्या ओट्यावर आम्ही तिघी बसलो होतो. घरची आजी, शेजारच्या आळीतल्या निवृत्त नर्सबाई आणि वही घेऊन मी. आजीची सहाही बाळंतपणं घरातच झाली. नर्सबाईंची चौतीस वर्षं नोकरी झाली. त्यातली बहुतेक किनाऱ्यावरच्या उपकेंद्रांत गेली, शेवटची आठ नव्या नर्सांना शिकवण्यात. नातसून पहिलटकरीण, आत खाटेवर पडलेली. नर्सबाईंनी नुकतंच तिचं पोट टेपनं मोजलं होतं आणि रक्तदाब घेतला होता. दोघींच्या मध्ये प्लास्टिकच्या पिशवीत सोनोग्राफीचा रिपोर्ट पडला होता. पुढचं बोलणं त्या दोघींचं. मी ते फक्त उतरवून घेतलं.

आजी : दोन रात्री या घरात कुणी धड जेवलं नाही. 'बाळाची वाढ कमी' असा कागद आला. ही आत रडते, हिची आई फोनवर रडते. पोटातल्या पोराला तराजूत कोण घालून आलं, ते सांग मला.

नर्सबाई : तराजूत नाही घालत. डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतात. त्यावरून मशीन वजनाचा अंदाज बांधतं. इथं लिहिलंय, १,१५० ग्रॅम.

आजी : अंदाज! आमच्यातली बाई पाटी नुसती उचलून किती किलो ते सांगते. तुझ्या मशीनचा अंदाज चुकत नाही?

नर्सबाई : चुकतो. शंभराला दहा-पंधरा इकडे-तिकडे होतातच. हे बाळ किलोभराचंही असेल, तेराशे ग्रॅमचंही असेल.

आजी : मग झालं तर. अशा कागदावर विश्वास कोण ठेवणार? आणि खरं सांगू, मी नाही घाबरले. आमच्या घरात कोण मोठं आहे? माझी उंची बघ, हिची बघ. लहान बाईचं पोर लहानच. पोर लहान तर सुटका लवकर. माझी सासू सातव्या महिन्यापासून मला भाताची एक मूद कमी वाढायची. पोर फुगलं तर अडेल, म्हणायची.

नर्सबाई : तुमचं अर्धं बरोबर आहे, आजी. लहान आईचं बाळ लहान असू शकतं आणि ठणठणीत असू शकतं. त्याला आजार म्हणत नाहीत. पण मूद कमी करणं काही बरोबर नव्हतं. उपाशी आईचं बाळ सुटायला सोपं जात असेल, जगायला सोपं जात नाही.

आजी : आमची जगली की.

नर्सबाई : सहाच्या सहा?

आजी : ...चार.

(थोडा वेळ कुणी बोललं नाही. अंगणात बांबूंवर टांगलेल्या बोंबलांवर कावळा उतरला. आजीनं हाताशी असलेली काठी न बघताच आपटली.)

आजी : बरं, ते सोड. 'कमी' म्हणतात ते कुणापेक्षा? कुणाच्या पोरापेक्षा?

नर्सबाई : हा खरा प्रश्न. पुष्कळ मशीनांत जो तक्ता असतो, तो अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये तयार झाला. हॅडलॉक नावाच्या डॉक्टरांनी १९९१ साली ३९२ बायकांच्या सोनोग्राफीवरून तो छापला. त्यातल्या बहुतेक मध्यमवर्गीय गोऱ्या बायका होत्या.

आजी : अगो! टेक्सासची बाई आणि रेवदंड्याची बाई एकाच पाटीत घातली?

नर्सबाई : पुढं ऐका. हीच शंका डॉक्टरांनाही आली. म्हणून आठ देशांतल्या आठ ठिकाणी नवा अभ्यास झाला. इंग्लंडातलं ऑक्सफर्ड, चीन, केनिया, ओमान, ब्राझील आणि त्यांच्या जोडीला आपलं नागपूर. आई निरोगी, पोटभर जेवणारी, दिवसांची तारीख नक्की माहीत असलेली, अशाच बायका त्यात घेतल्या. २०१४ साली निकाल आला. आठही ठिकाणची बाळं पोटात जवळजवळ सारखीच वाढली. हाडापेरानं नागपूरचं बाळ ऑक्सफर्डच्या बाळाच्या मागं नव्हतं.

आजी : म्हणजे आम्ही लहान, ते रक्तानं नाही?

नर्सबाई : थोडं रक्तानं, बरंचसं ताटानं. तुमच्या सासूबाईंना त्यांच्या सासूनं मूद कमी वाढली, त्यांनी तुम्हाला. पिढ्यान् पिढ्या असं चाललं की मापच लहान होतं, आणि आपण म्हणतो, आमच्या घराण्याची चणच अशी. पण एक मान्य करते. अशा चणीच्या बाईला उद्या दुपटीनं जेवू घातलं, तरी याच खेपेला नागपूरच्या त्या बाळाएवढं बाळ येणार नाही. म्हणून नुसत्या 'लहान' या शब्दावर मी कधी घाबरत नाही.

आजी : मग तू कशावर घाबरतेस?

नर्सबाई : थांबण्यावर. तुम्हीच सांगा, आत्ता खाडीत पाणी बघितलं तर भरती आहे की ओहोटी, कळेल?

आजी : एकदा बघून कसं कळणार? खुंटीवरची ओल बघायची. विडी ओढून व्हायची वाट बघायची आणि परत बघायचं.

नर्सबाई : एवढंच तर सांगतेय. एक सोनोग्राफी म्हणजे पाणी एकदा बघणं. बाळ केवढं आहे ते त्यातून कळतं. ते वाढतंय का, हे कळायला दोनदा बघावं लागतं.

आजी : आणि मग भांगाचं पाणी पण असतं. उद्याच्या पुनवेला उधाण, पाणी पार रस्त्याला लागेल. अष्टमीला भांग. भांगाची भरती उधाणाएवढी चढत नाही. म्हणून काय ती भरती नव्हे? तीही आपल्या वेळेपर्यंत चढतेच.

नर्सबाई : आजी, चौतीस वर्षांत मला हे इतकं नीट सांगता आलं नाही. चणीनं लहान असलेलं बाळ म्हणजे भांगाची भरती. कमी चढतं, पण दर पंधरवड्याला आपल्या रेघेनं चढत राहतं. आजारी बाळाचं पाणी अर्ध्या वाटेत थांबतं. लहान असणं निराळं, वाढ खुंटणं निराळं. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

आजी : मग आमचं कुठलं?

नर्सबाई : त्यासाठी पहिला कागद हवा. पाचव्या महिन्यात काढलेली सोनोग्राफी कुठाय?

(आतून नातसुनेनं हात लांबवून दुसरी पिशवी दिली. नर्सबाईंनी दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले.)

नर्सबाई : हे बघा. कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख आहे गुढीपाडव्याची. त्या हिशेबानं पहिल्या सोनोग्राफीला वीस आठवडे झाले होते, आणि बाळ भरलं अठरा आठवड्यांचं. आता एकतीस आठवडे झालेत आणि बाळ भरतंय अठ्ठावीसचं. आधी दोन आठवडे मागं होतं, आता तीन.

आजी : पाडवा कुणी सांगितला? पाडव्याला ही पुरणाला बसली होती माझ्याबरोबर. हनुमान जयंतीला हिनं देवळात पाय नाही ठेवला. पालखी दारात आली तर आत कोपऱ्यात उभी. त्या दिवशी सकाळीच अडचण आली होती. प्रसादाचं मी एकटीनं केलं, मला चांगलं आठवतं.

नर्सबाई : खरंच? आणि कार्डावर पाडवा कसा आला?

नातसून (आतून) : आशाताईंनी विचारलं तेव्हा मी माहेरी होते. नक्की आठवेना. पाडव्याच्या सुमाराला, असं सांगितलं.

नर्सबाई : आजी, पाडवा ते हनुमान जयंती म्हणजे पुरे दोन आठवडे. कार्डच दोन आठवडे पुढं धावतंय! पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली असती तर तारीख तेव्हाच पकडली असती. त्या वेळी डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतच्या लांबीवरून दिवस चार-सहा दिवसांच्या फरकानं सांगता येतात. पाचव्या महिन्यात बाळ दोन आठवडे मागं दिसलं की तारीख चुकली की बाळ मंद वाढतंय, ते मशीनला नाही सांगता येत. तुम्ही सांगितलंत.

आजी : म्हणजे बाळ ठीक? मी म्हटलं नव्हतं? उगाच रडवलं पोरीला.

नर्सबाई : घाई नको. तुमच्या हिशेबानं आज एकोणतीस आठवडे. आता मापं सुटी सुटी वाचूया. डोकं एकोणतीस आठवड्यांचं, अगदी बरोबर. मांडीचं हाड अठ्ठावीसचं, ठीक. पोटाचा घेर मात्र सत्तावीसचा. माझी टेपही सत्तावीस सेंटिमीटरच म्हणाली. साधारण जेवढे आठवडे तेवढे सेंटिमीटर, दोन कमी-जास्त, असा आमचा नियम. म्हणजे ही काठावर आहे.

आजी : पोटच का मागं?

नर्सबाई : खाणं कमी येऊ लागलं की बाळ शहाणपणा करतं. रक्त आधी मेंदूला पाठवतं, बाकीच्यांना थांबवतं. काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, साठा करायचा असतो तो होत नाही, म्हणून पोट बारीक राहतं. सगळं बाळ सारखंच लहान असतं तर मी म्हटलं असतं, चण असेल. डोकं बरोबर आणि पोट मागं, तेव्हा वार कुठंतरी कमी पडतेय का, असा संशय येतो. नुसता संशय, अजून निदान नाही. घाबरण्याएवढी बाब नाही, पण सोडून देण्याएवढीही नाही.

आजी : वार का कमी पडेल?

नर्सबाई : रक्तदाब चढला तर, पण हिचा आज बरोबर आहे. रक्त कमी असलं तर. हिचं हिमोग्लोबिन नऊच्या पुढं कसंबसं आहे, अकरा हवं. मलेरिया झाला तर. पोटातला जंतुसंसर्ग, जुळं, बाळातच काही दोष, अशी पुष्कळ कारणं आहेत. आणि तंबाखू.

आजी : आमच्या घरात बाया विडी नाही ओढत.

नर्सबाई : मिसरी?

(आजीची डबी तिच्या मांडीशीच होती. तिनं ती पदराखाली सरकवली नाही, एवढं मी पाहिलं.)

आजी : मी लावते. साठ वर्षं लावते.

नातसून (आतून) : मीपण लावते. तिसऱ्या महिन्यात मळमळायचं तेव्हा आजीनं दिली. आता सकाळ-संध्याकाळ लागते.

आजी : ती दाताला लावायची वस्तू. पोटात कुठं जाते?

नर्सबाई : हिरडीतून रक्तात, रक्तातून वारेत. तंबाखूनं तिथल्या नळ्या आवळतात. मुंबईत १,२१७ बायकांवर अभ्यास झाला, २००४ साली छापून आला. मिसरी, तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली आणि दिवसही आधी भरले. विडी न ओढता, नुसती तोंडात ठेवून.

आजी : मला कुणी नाही सांगितलं.

नर्सबाई : सांगायला हवं होतं. मीच किती घरांत गोळ्या मोजल्या आणि डबीबद्दल विचारलं नाही.

आजी : ...बरं. आता औषध दे. पोर वाढायचं इंजेक्शन असेल ना?

नर्सबाई : नाही. थांबलेलं बाळ पोटात वाढवेल असं औषध अजून निघालेलं नाही.

आजी : मग कळून काय उपयोग? तुझं मशीन सांगतं, टेप सांगते, टेक्सास सांगतं, आणि हातात काही नाही. आमच्या वेळी कळत नव्हतं. निदान नऊ महिने झोप तरी लागायची.

नर्सबाई : उपयोग वेळ साधायला. नाळेतलं रक्त कसं वाहतंय ते डॉप्लरनं दिसतं. हिच्या कागदावर ते बरोबर लिहिलंय, म्हणून मी ओट्यावर बसून शांत बोलतेय. तो प्रवाह अडखळू लागला, दोन ठोक्यांच्या मध्ये थांबू लागला किंवा उलटा फिरला, तर पोटापेक्षा बाहेर बरं, असा दिवस येतो. तो कधी, हे डॉक्टर ठरवतात. लवकर काढायचं ठरलं तर आईला आधी इंजेक्शन देतात, बाळाची फुप्फुसं तयार व्हायला. आणि बाळंतपण जिथं लहान बाळाची सोय आहे तिथंच करायचं, हे आधीपासून ठरवता येतं. अलिबागचं जिल्हा रुग्णालय इथून सतरा-अठरा किलोमीटर. रात्री दोन वाजता ठरवायला गेलं की तेच अंतर कितीतरी लांब होतं. तुमच्या त्या दोघांचं काय झालं, मी विचारत नाही.

आजी : एक जन्मलं तेव्हाच गार होतं. बारीक होतं, गो. डोकं तेवढं मोठं दिसायचं.

(नर्सबाईंनी मान हलवली. काही बोलल्या नाहीत.)

आजी : मशीन आलं तेव्हा मला त्याचा रागच आला होता. लोक त्यात मुलगा की मुलगी बघायला धावायचे.

नर्सबाई : म्हणून तर आपल्या राज्यानं १९८८ सालीच कायदा केला, देशानं १९९४ ला. आता ते विचारायचं नाही, सांगायचं नाही. पण मशीनचा तो वापर वाईट होता म्हणून हा वापर सोडायचा नाही.

आजी : खायला काय देऊ? आमच्यात जवळा आहे, मांदेली आहे, ताजं आहे, सुकं आहे. घाटावरच्या बायकांसारखं नुसत्या भाकरीवर नाही आम्ही.

नर्सबाई : त्या बाबतीत तुम्ही नशीबवान. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत आया आणि बाळं मोजली. तिथं पुष्कळ बायकांना बी-१२ कमी होतं. ते मासळीत मिळतं. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडातल्या साउदम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. आणि गंमत बघा, आपली बाळं हाडामांसानं बारीक, पण कातडीखालची चरबी जवळजवळ त्यांच्याएवढी. अशी पोटात उपाशी राहिलेली बाळं मोठेपणी खाऊ लागली की साखरेचा आजार लवकर गाठतो. म्हणजे 'लहान पण चिवट' म्हणून सोडून देता येत नाही. हिशेब चाळीस वर्षांनी येतो.

आजी : त्या बाया काय खात होत्या?

नर्सबाई : ज्यांच्या ताटात पालेभाजी, फळं आणि दूध होतं, त्यांची बाळं मोठी निघाली. नुसतं जास्त जेवण्यापेक्षा कशाचं जेवण, ते महत्त्वाचं. शेवग्याचा पाला, माठ, चवळी, वाल वाढा. आणि आणखी एक, ज्या बाया गरोदरपणी फार राबत होत्या त्यांची बाळं लहान होती. बाजाराची पाटी हिच्या डोक्यावरून उतरवा.

आजी : मी नवव्या महिन्यापर्यंत पाटी घेऊन पायी अलिबागला जायची.

नर्सबाई : माहीत आहे. म्हणूनच सांगतेय. मुंबईत डॉ. रमेश पोतदारांनी झोपडपट्टीतल्या बायकांना पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ रोज दिला. लग्न झाल्यावर, दिवस जायच्या आधीपासून. ज्यांना निदान तीन महिने आधी सुरू झाला, त्यांच्या बाळांचं वजन ४८ ग्रॅमनं वाढलं.

आजी : अठ्ठेचाळीस! सुक्या बोंबलाच्या दोन-तीन काड्या!

नर्सबाई : हो, थोडंच. मी फुगवून सांगणार नाही. पण त्या बायकांत गरोदरपणचा मधुमेह जवळजवळ निम्म्यानं कमी दिसला. यातून मी एकच शिकले, ताट सातव्या महिन्यात सुधारून फार होत नाही. सून घरात येते त्या दिवसापासून सुधारायचं.

आजी : माझ्या बहिणीच्या नातीचं उलटं झालंय. पनवेलला आहे ती. बाळ मोठं म्हणून सगळे खूश. गुटगुटीत येणार म्हणतात.

नर्सबाई : तिनं साखर तपासली का विचारा. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी बघतात, १४० किंवा वर आली तर मधुमेह धरतात. आईची साखर बाळाकडे जाते आणि पोट, खांदे फुगतात. डोकं बाहेर येतं, खांदा अडतो. जन्मल्यावर आईची साखर तुटते आणि त्याची एकदम खाली जाते. बाळ रेघेच्या खाली गेलं तर आपण रडतो, वर गेलं तर पेढे वाटतो. दोन्हीकडं बघायचं रेघेलाच.

आजी : तू सगळं सांगितलंस, आता माझं एक ऐक. दोनदा बघायचं म्हणालीस. वाडीवरच्या कातकरणीला दोनदा कोण बघतं?

नर्सबाई : ...कुणी नाही. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. माझ्या वहीत पहिलं माप असायचं, दुसऱ्या रकान्यात 'स्थलांतरित'. पावसाच्या तोंडाला परत यायच्या, कडेवर मूल घेऊन किंवा नुसत्याच. पहिलं माप मी काटेकोर घेतलेलं असायचं. पण दुसऱ्या मापावाचून त्याची किंमत शून्य.

आजी : म्हणजे तुझंही अर्धंच बरोबर.

नर्सबाई : हो, आजी. माझंही अर्धंच.

(ऊन कलंडलं. खाडीचं पाणी वर येऊ लागलं होतं, नांगरलेल्या होड्यांची तोंडं फिरली होती.)

आजी : आता नीट सांग, काय करायचं.

नर्सबाई : आजपासून मिसरी बंद. ती एकटी सोडणार नाही, घरात डबी दिसली की हात जाईल. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर नाही, लिंबाच्या पाण्याबरोबर. पाटी बंद, दुपारी डाव्या कुशीवर झोप. आणि दोन आठवड्यांनी परत सोनोग्राफी, डॉप्लरसकट. त्याच्या आधी केलं तर मशीनची चूकच मोजली जाईल.

आजी : दोन आठवड्यांनी अवस येते. अवसेला नको.

नर्सबाई : दुसऱ्या दिवशी जा, चालेल. पण बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, तर तिथी बघायची नाही. त्याच तासाला १०८ ला फोन.

आजी : वादळ उठल्यावर कुणी पंचांग उघडत नाही, बाय. तेवढं कळतं मला.

नर्सबाई निघाल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडून वहीचं पान मागून घेतलं. डॉक्टरांना द्यायची चिठ्ठी लिहिली आणि आजीला वाचून दाखवली. पाळीची खरी तारीख हनुमान जयंतीची, कार्डावरची दोन आठवडे आधीची. डोकं दिवसांबरोबर, पोट मागं. मिसरीची सवय होती, आजपासून बंद. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजावं.

आजी म्हणाली, तारीख कुणी सांगितली तेही लिही, नाहीतर तिथला डॉक्टर पुन्हा पाडवाच धरील.

नर्सबाईंनी पेन पुन्हा उघडलं आणि खाली एक ओळ वाढवली : 'माहिती देणार : आजेसासू.'